घरातील वायफायची चावी आपल्या हाती हवी!

आपल्या मुलामुलींच्या हाती लेखणी यावी म्हणून बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभे आयुष्य वेचले. आज ती लेखणी आपल्या लेकरांच्या हाती आहे. पण आता नुसत्या लेखणीने अर्ज भरून होत नाही. सीईटीचा फॉर्म असो, महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती असो, एमपीएससी, रेल्वे वा बँकेची भरती असो, की जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज असो, सारे काही संगणकाच्या नाहीतर मोबाईलच्या पडद्यावर आले आहे. शिक्षणाच्या आणि नोकरीच्या दारापर्यंत जाणारा रस्ताच आता इंटरनेटमधून जातो. म्हणून इंटरनेट ही चैन आहे की गरज, हा वाद आम्ही संपलेला समजतो. प्रश्न उरतो तो एवढाच की, हे इंटरनेट आपल्या घरात आले आहे काय, आणि आले असेल तर त्याची चावी कुणाच्या हाती आहे?

हे इंटरनेट किती घरांपर्यंत पोहोचले होते, याचा हिशोब सरकारनेच मांडून ठेवला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील १०० घरांपैकी जेमतेम २४ घरांत इंटरनेटची सोय होती. शहरात हे प्रमाण ४२, तर खेड्यात १५ होते. संगणक तर खेड्यातल्या १०० घरांपैकी चार घरांतच होता. ही झाली सगळ्या जातीधर्मांची सरासरी. गावकुसाबाहेरच्या घरांत काय असेल, हे वेगळे सांगायला नको. अशा अवस्थेत मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन शिक्षण सुरू झाले. एक मोबाईल, त्यावर तीन भावंडे, आणि तोही बाप कामावरून परतल्यावरच मिळणार, अशी शाळा आपल्या वस्त्यांनी पाहिली. ज्यांच्या घरी वायफाय होते त्यांचा वर्ग चालू राहिला, ज्यांच्या घरी नव्हते त्यांचा बुडाला. पुढे परीक्षेत दोघांना एकाच मापाने मोजले गेले. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी या फरकाची नोंद कधी घेतली काय?

त्यानंतर परिस्थिती बरीच बदलली, हे मान्य केले पाहिजे. केबलवाला आता टीव्हीच्या तारेसोबत फायबरची तारही आणतो. बैठ्या चाळीत, एसआरएच्या इमारतीत, तालुक्याच्या गावी वायफायचे डबे लुकलुकू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण अनेक घरांत आम्हाला दिसते ते असे. माणूस येतो, दाराच्या वर डबा ठोकतो, वायफायचे नाव आणि पासवर्ड स्वतःच ठरवतो, तो वहीच्या मागच्या पानावर लिहून देतो आणि पैसे घेऊन निघून जातो. नेट बंद पडले की त्याला फोन करायचा. तो चार दिवसांनी आला तर चार दिवस मुलांचा अभ्यास बंद. म्हणजे घर आपले, वीज आपली, पैसे आपले आणि ज्ञान मात्र दुसऱ्याचे! ज्ञान दुसऱ्याच्या हाती राहिले की काय होते, हे आपल्या समाजाला शिकवण्याची गरज नाही. येथे कोणा भटा-ब्राह्मणाने बंदी घातलेली नाही. आपल्या अज्ञानाने आणि संकोचाने ती घातली आहे. म्हणून हे यंत्र काय आहे आणि ते घरात कसे बसवावे, हे आज सोप्या भाषेत मांडण्याचे आम्ही ठरवले आहे.

आधी हक्काचे बोलू. वायफाय चालते ते रेडिओलहरींवर. या लहरी साऱ्या समाजाच्या मालकीच्या आहेत आणि त्यांच्या वापरावर सरकारचे नियंत्रण असते. आकाशवाणी, पोलीस, सैन्य, मोबाईल कंपन्या या सर्वांना लहरींचा ठरावीक पट्टा वापरण्यासाठी परवाना लागतो. पण काही पट्टे कोणालाही परवान्याशिवाय वापरता यावेत, म्हणून मोकळे ठेवलेले असतात. अमेरिकेने असे पट्टे १९८५ साली नव्या कामांसाठी मोकळे केले, त्यातून पुढे १९९७ मध्ये बिनतारी जाळ्याचे मानक तयार झाले आणि १९९९ मध्ये त्याला वायफाय हे नाव पडले. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरच्या वापरासह मोठ्या प्रमाणात २०१८ साली मोकळा झाला. म्हणजे या लहरींवर जितका हक्क मलबार हिलच्या बंगल्याचा आहे, तितकाच मानखुर्दच्या दहा बाय बाराच्या खोलीचा आहे.

परंतु कागदावरचा हक्क आणि वापरातला हक्क यांत केवढे अंतर असते, हे आपल्याएवढे कोणाला ठाऊक? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या पाठोपाठ हजारो माणसे पायऱ्या उतरली तेव्हा. आम्ही वायफायची तुलना महाडच्या रणाशी करीत नाही. तेथे डोकी फुटली, येथे फक्त थोडा वेळ द्यायचा आहे. धडा मात्र तोच आहे. मोकळा असलेला पाणवठा वापरल्याशिवाय आपला होत नाही.

आता यंत्राकडे वळू. पहिली गोष्ट, इंटरनेट आणि वायफाय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. इंटरनेट म्हणजे रस्त्यावरच्या मोठ्या नळातून आलेले पाणी. वायफाय म्हणजे घरातल्या घरात ते पाणी खोल्याखोल्यांतून पोहोचवणारी सोय. बाहेरून फायबरची काचेची बारीक तार येते, ती ज्या डब्यात शिरते तो डबा प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलतो. राऊटर नावाचा दुसरा डबा हे कनेक्शन घरातल्या मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही यांच्यात वाटतो आणि लहरींवर सोडतो. हल्ली बहुतेक ठिकाणी हे दोन्ही डबे एकाच पेटीत असतात, म्हणून लोक सगळ्यालाच मोडेम म्हणतात. जेथे फायबर पोहोचलेले नाही, तेथे सिमकार्डावर चालणारा राऊटर मिळतो. त्याच्या पुढची सारी रचना सारखीच आहे.

हा फरक कळला की निम्मी फसवणूक थांबते. नेट मंद झाले की दोष बाहेरच्या तारेचा आहे की घरातल्या वायफायचा, हे आपले आपल्याला तपासता येते. लॅपटॉप असेल तर नेटवर्कची तार राऊटरच्या मागच्या खाचेत थेट जोडावी आणि वेग मोजावा. तारेवर वेग बरोबर आणि वायफायवर कमी असेल, तर दोष घरातला आहे. तारेवरही कमी असेल, तर कंपनीला जाब विचारावा. तक्रार तोंडी करू नये, तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. टीआरएआय अर्थात दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीत तक्रार केंद्राच्या वर अपील ऐकणारी यंत्रणा असते. तेथे जाण्यासाठी हाच क्रमांक लागतो. मजुरीची चिठ्ठी जपून ठेवणाऱ्या आपल्या माणसांना कागदाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

वेगाच्या आकड्यातही एक गोम आहे. जाहिरातीतला ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट. फाईलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे ४० चा वेग प्रत्यक्षात सेकंदाला पाच मेगाबाइट. शंभर मेगाबाइटचे पुस्तक उतरवायला कमीत कमी वीस सेकंद लागणार. एका ऑनलाइन वर्गाला साधारणपणे दोन-तीन एमबीपीएस पुरतात. तेव्हा चार मुले एकाच वेळी शिकणार असली तरी ४० चा वेग पुरेसा आहे. दोनशे-तीनशेचा प्लॅन गळ्यात मारणाऱ्याला हा हिशोब विचारावा. दुसरी गोष्ट, जाहिरातीतल्या किमतीत बहुधा कर धरलेला नसतो. ३९९ रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी लागला की बिल सुमारे ४७१ रुपयांचे होते. घरातल्या सगळ्या मोबाईलच्या रिचार्जची बेरीज एका कागदावर मांडावी, शेजारी हा आकडा लिहावा आणि मग निर्णय घ्यावा. घरी वायफाय असेल तर मोबाईलवर लहान रिचार्ज भागते काय, हेही पाहावे.

आता डबा कोठे ठेवावा? बसवणाऱ्याला जेथे तार कमी लागते, तेथे तो डबा ठोकतो. आपल्याला जेथे अभ्यास होतो, तेथे लहरी हव्या असतात. राऊटरच्या लहरी बल्बच्या उजेडासारख्या चहूकडे पसरतात. डबा एका कोपऱ्यात ठेवला की निम्मा उजेड शेजाऱ्याच्या घरात नाहीतर रस्त्यावर जातो. म्हणून तो शक्यतो घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मोकळ्यावर ठेवावा. लहरींचा सगळ्यात मोठा शत्रू धातू. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, फ्रीज, भांड्यांची मांडणी, मोठा आरसा यांच्यामागे लहर अडते किंवा उलटी फिरते. पाणीही लहरी शोषून घेते, म्हणून पिंपाशेजारी वा टाकीखाली डबा नको. टीव्हीच्या मागे तो लपवू नये. पोटमाळा पत्र्याचा असेल आणि मुले वर बसून अभ्यास करीत असतील, तर खालून लहर वर जाणार नाही. डबा जिन्याच्या तोंडाशी ठेवावा किंवा वरपर्यंत तार ओढावी. बाहेर दिसणाऱ्या काड्या, म्हणजे अँटेना, उभ्या ठेवल्या की लहर आडवी पसरते. एका मजल्याच्या घरात तेच योग्य.

या लहरींनी आजार होतो, कर्करोग होतो, अशी भीती अनेक आयाबाया बोलून दाखवतात. त्यांना हसण्याऐवजी समजावून सांगावे. या लहरी क्ष-किरणांसारख्या शरीरातील अणूंची मोडतोड करणाऱ्या नाहीत, त्यांची शक्ती फार थोडी असते. बिनतारी जाळ्यांच्या अशा क्षीण लहरींमुळे आरोग्य बिघडते याचा पटण्याजोगा शास्त्रीय पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली स्पष्ट केले. बुद्धाने सांगितले तेच येथेही करावे. कोणी सांगितले म्हणून मानू नये, तपासून पाहावे.

बहुतेक नवे राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ ची लहर दूरवर जाते, भिंतीतून पार होते, पण तिचा वेग कमी आणि तिच्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्हची भट्टी, सगळे त्याच पट्ट्यात. ५ ची लहर वेगवान असते, पण एक-दोन भिंतींत थकते. एका खोलीच्या घरात मोबाईल-लॅपटॉप ५ वर जोडावेत. दूरच्या खोलीतले, गॅलरीतले यंत्र २.४ वर ठेवावे. चाळीत एका मजल्यावर दहा राऊटर असले की सगळे एकमेकांवर ओरडतात. २.४ च्या पट्ट्यात १ ते १३ अशा वाहिन्या असतात, पण त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. एकमेकींना धक्का न लावणाऱ्या तीनच, १, ६ आणि ११. आपला राऊटर यांपैकी जेथे गर्दी कमी तेथे लावावा. वाहिन्यांवरची गर्दी दाखवणारी विनामूल्य अॅप मोबाईलवर मिळतात. मजल्यावरच्या चार घरांनी एकत्र बसून या तीन वाहिन्या वाटून घेतल्या तर सगळ्यांचेच नेट सुधारते. संघटनेचा फायदा असा साध्या गोष्टीतही असतो.

आता कुलपाकडे येऊ. राऊटरला दोन कुलपे असतात. वायफाय जोडताना लागतो तो पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो. दुसरा पासवर्ड राऊटरच्या आत शिरण्याचा. तो बसवणाऱ्यालाच माहीत असतो, आणि खरी चावी तीच! डब्याच्या खालच्या बाजूस एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा एखादा पत्ता आणि आत जाण्याचे नाव व पासवर्ड छापलेला असतो. मोबाईल वायफायला जोडून, ज्यात आपण वेबसाईट उघडतो त्या ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकला की राऊटरचे पान उघडते. काही कंपन्या त्यासाठी स्वतःचे अॅप देतात. चिठ्ठीवरच्या पासवर्डाने दार उघडले नाही, तर बसवणाऱ्याकडून वा कंपनीकडून तो मागून घ्यावा. ग्राहक आपण आहोत.

आत गेल्यावर पाच कामे करावीत. पहिले, आत शिरण्याचा पासवर्ड बदलावा, कारण मूळचा अनेक ठिकाणी सर्व डब्यांना सारखाच असतो. दुसरे, सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. डब्ल्यूईपी नावाचे जुने कुलूप २००१ सालीच फोडले गेले आहे, ते असून नसल्यासारखे. तिसरे, वायफायचा पासवर्ड स्वतः ठरवावा. येथे आम्हाला एक कानगोष्ट सांगायची आहे. 'जयभीम१२३' किंवा '१४एप्रिल' हा पासवर्ड आपल्या वस्तीत कोणीही पहिल्या दोन प्रयत्नांत ओळखेल! मोबाईल नंबर, जन्मतारीख, मुलाचे नाव हेही नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे शब्द आणि मध्ये एखादा आकडा घेतला की लक्षात राहतो आणि फुटत नाही. चौथे, डब्ल्यूपीएस नावाची बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय बंद करावी, ती चोरवाट ठरते. पाचवे, राऊटरच्या आतील प्रणाली अद्ययावत करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. काही चुकलेच तर घाबरू नये. कंपनीने जोडणीसाठी दिलेले नाव-पासवर्ड आधी लिहून ठेवले असले, तर मागचे रीसेटचे बारीक बटण दाबून पहिल्यापासून सुरुवात करता येते.

वायफायचे नाव हे दारावरच्या पाटीसारखे असते, ते शेजारच्या प्रत्येक मोबाईलवर दिसते. भाड्याने राहणाऱ्या आपल्या काही सुशिक्षित बांधवांना येथेही आडनावासारखीच भीती वाटते. आपली ओळख लपवायची की मिरवायची, हे ज्याचे त्याने ठरवावे, पण जयभीम हे नाव लावावेसे वाटले तर त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. फक्त खोली क्रमांक, पूर्ण नाव वा मोबाईल नंबर त्यात घालू नये.

एवढी कुलपे कशाला, आमच्या घरात चोरण्यासारखे आहे काय, असे कोणी म्हणेल. त्याने २००८ साल आठवावे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल गेला होता आणि त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत आला. तेथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाची दहशतवादविरोधी पथकाने चौकशी केली. त्याचे कुलूप नसलेले वायफाय दुसऱ्याच कोणी तरी वापरले होते, हे तपासात पुढे आले. पुढच्याच महिन्यात मुंबईतील एका महाविद्यालयाचे वायफायही असेच वापरले गेले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. आता विचार करा, त्या घरात अमेरिकी नागरिक नसता आणि आपल्या वस्तीतला एखादा कार्यकर्ता असता, तर त्याला आपले निरपराधित्व सिद्ध करायला किती वर्षे लागली असती? शेजाऱ्याला मदत जरूर करावी. त्यासाठी राऊटरमध्ये पाहुण्यांचे, म्हणजे गेस्ट, वायफाय वेगळे काढता येते. त्याचा पासवर्ड देऊन काम झाले की बदलावा.

हेही ध्यानात ठेवावे की हे कुलूप घराच्या दाराचे आहे. आपणच आत घेतलेल्या चोरापासून ते वाचवत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणातील रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये घातक प्रणाली घुसवून बाहेरून फाईली ठेवल्या गेल्या, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ च्या अहवालात मांडला. ईमेलमधून आलेल्या एका फाईलपासून हे सुरू झाले, असे तो अहवाल म्हणतो. अनोळखी फाईल आणि अनोळखी दुवा उघडू नये, हा नियम चळवळीतल्या प्रत्येकाने पाळलाच पाहिजे.

आणखी एक चावी आहे, ती घरातल्या घरातली. पुष्कळ घरांत राऊटरची माहिती थोरल्या मुलाकडे असते. तो रागावला की बहिणीचे नेट बंद! आईला तर पासवर्डही ठाऊक नसतो. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजणाऱ्या बाबासाहेबांच्या घरात हे शोभत नाही. वरची पाच कामे आम्ही म्हणतो ती मुलीकडून करून घ्यावीत. नर्सिंगची परीक्षा देणारी, डीएड करणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुलगी राऊटरचे पान उघडू शकते. तिने ते आईला दाखवावे. आईला बचतगटाचे हिशोब, रेशनची नोंद, दवाखान्याचा नंबर याच पडद्यावर पाहायचा आहे.

मात्र घरोघरी वायफाय घेतले म्हणजे सरकारची जबाबदारी संपत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय बाबासाहेबांच्या खात्याकडे होता. वीज ही धनिकांची सोय न राहता स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, तिच्याशिवाय दारिद्र्याचे चक्र तुटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. जे त्या काळी विजेचे, तेच आज इंटरनेटचे आहे. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर निकाल देताना इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. ती मुलगी वसतिगृहात राहत होती आणि मोबाईल वापरावरच्या बंधनाविरुद्ध न्यायालयात गेली होती. त्याच केरळने जून २०२३ मध्ये स्वतःचे सरकारी फायबर जाळे सुरू केले आणि २० लाख गरीब कुटुंबांना विनामूल्य जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. एर्नाकुलम रेल्वे स्थानकावरचा एक हमाल स्थानकाच्या विनामूल्य वायफायवर अभ्यास करून लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्याची बातमी २०१८ साली देशभर गाजली. ओझे वाहता वाहता तो कानात ध्वनिफिती ऐकत असे. संधी मिळाली की कष्टकऱ्याचा मुलगा काय करतो, याला आणखी कोणता पुरावा हवा? मग महाराष्ट्रातील समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात चालू अवस्थेतील वायफाय का असू नये, हा प्रश्न आपल्या आमदार-नगरसेवकांना विचारलाच पाहिजे.

सरकारला जाब विचारतानाच बुद्धविहारांचे काय, हेही आपण स्वतःला विचारावे. मंडपाला, डीजेला, कमानीला आपण हजारो रुपये वर्गणी काढतो. त्यातले वर्षाला सहा-सात हजार बाजूला काढले तर विहारातल्या अभ्यासिकेत बारा महिने वायफाय चालते. जोडणी विहाराच्या संस्थेच्या नावे घ्यावी, एखाद्या पुढाऱ्याच्या नावे नको. चारसहा लॅपटॉप-संगणक तारेने जोडावेत, म्हणजे मोबाईलसाठी लहरी मोकळ्या राहतात. डबा चालू ठेवायला राऊटरचा छोटा यूपीएस पुरतो, भारनियमनात अभ्यास तुटत नाही. कोण कधी आले, याची वही ठेवावी. नेट विकायचे झाले तर ते परस्पर विकू नये. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत छोट्या दुकानदारालाही परवाना शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय चालवता येते. आपल्या वस्तीतल्या बेरोजगार तरुणांनी त्याची माहिती अवश्य घ्यावी.

वायफाय आले म्हणजे ज्ञान आले, असा भ्रम मात्र नको. त्याच तारेतून रील येतात, जुगाराची अॅप येतात, बाबासाहेबांच्या नावावर खपवलेली खोटी वाक्ये येतात. आणि त्याच तारेतून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंडही विनामूल्य येतात. ज्या ग्रंथांसाठी आपल्या मागच्या पिढीने दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर रांगा लावल्या, ते आता घरच्या पडद्यावर उघडता येतात. काय उघडायचे, हे आपण ठरवायचे आहे.

म्हणून आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. ज्याला थोडे कळते त्याने राऊटरचा डबा खाली उतरवावा, त्याच्या मागची चिठ्ठी सर्वांना दाखवावी, मोबाईलवर ते पान उघडावे आणि पाच कामे समोर करून दाखवावीत. त्या दिवशी तेथे बसलेल्या प्रत्येक मुलीने घरी जाऊन तेच करावे आणि पुढच्या रविवारी दोन घरांना शिकवावे. एका महिन्यात वस्तीतल्या प्रत्येक घरातली चावी घरातल्या माणसांच्या हाती येईल. मग नेट बंद पडले तरी चार दिवस कोणाची वाट पाहत बसावे लागणार नाही.

जयभीम!